मी एकटीने स्कूटर सोडली तर पुण्याच्या हवेत काही फरक पडेल का?

धायरीकर:
मी रोज धायरीहून शिवाजीनगरला स्कूटरने जाते. थंडी सुरू झाली की घसा धरतो, आणि तोंडाला बांधलेला पांढरा स्कार्फ संध्याकाळी नाकापाशी चक्क राखाडी झालेला असतो. लेकाला शाळेत सोडताना तो पुढे उभा असतो, सिग्नलला टेम्पोचा सगळा धूर त्याच्या तोंडावर. सगळे म्हणतात बांधकामाची धूळ आहे, गाड्यांचं काय एवढं. खरं काय?

मुठाकाठ:
ताई, दोन्ही आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, आल्यावर नव्या गाड्यांचा धूर कमी झाला, पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेतच आणि रस्त्यावर पडलेली बांधकामाची माती बारीक करून परत परत हवेत उडवतात त्या आपल्याच गाड्यांची चाकं, वर टायर आणि ब्रेक झिजतात ते वेगळंच. म्हणून इलेक्ट्रिक घेतली की सुटलो असं नाही. थंडीत सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावर गरम हवेचं झाकण बसतं, धूर-धूळ खालीच अडकते, नेमकं आपण सगळे ऑफिसला निघतो तेव्हाच. ऊन तापलं की झाकण सुटतं. आणखी एक, हवेच्या ॲपवर 'समाधानकारक' दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका, आपल्याकडे पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांची, २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. लहान पोराला मागे बसवा हो, प्लीज.

रोजचा_प्रवासी:
सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत मेट्रो आली तेव्हापासून मी बाईक घरीच ठेवतो. स्वारगेटहून शिवाजीनगर चौथं स्टेशन, मंडईची गर्दी डोक्यावर आणि आपण खालून. त्रास होतो तो घर ते स्टेशन. बस वेळेवर नसेल तर माणूस परत गाडीच काढणार, त्याला दोष कसा देणार? एकटीने काय होतं म्हणाल तर सिग्नलला उभ्या सगळ्या गाड्यांवर बघा, बहुतेकांवर एकच माणूस असतो. निदान सिग्नलला गाडी बंद करा, तेवढं तर आजपासून जमेल.

धायरीकर:
पटलं. लेकाला उद्यापासून मागे बसवते. सोमवारपासून आठवड्यातले दोन दिवस बस आणि मेट्रो करून बघणार आहे. धायरीतून सकाळी साडेआठच्या सुमारास स्वारगेटची बस नेमाने मिळते का, कुणी रोज जाणारं आहे का इथे?