आईच्या फोटोची बॅकग्राउंड ब्लर करायला काय वापरू? बजेट ५००

इंदूरी_लेक: रविवारी इंदूरच्या राजवाड्यासमोर आईचा फोटो काढला. पंचाहत्तरीला १२ बाय १८ इंचाची फ्रेम करायचीय. मागे स्कूटरी आणि एक निळं पिंप आलंय. मोबाइलच्या अ‍ॅपने आपोआप ब्लर केलं तर पांढरे केस कात्रीने कापल्यासारखे झाले, नथ अर्धी गायब! लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम. खर्च ५००, त्यावर नाही.

छत्रीबाग: फोटोशॉप घ्या. एका क्लिकमध्ये माणूस सिलेक्ट होतो. मी त्यासाठी १६ जीबीचा लॅपटॉप घेतला, पैसे वसूल.

कॅमेरावाले_काका: सॉफ्टवेअर कशाला? ५० एमएम एफ १.८ लेन्स घ्या, मागचं तीच धूसर करते, पुन्हा काढा. माझी १२ वर्षं चालतेय.

मल्हारी: त्यांनी ५०० म्हटलंय हो. जिंप (GIMP) हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. लेअरची, म्हणजे फोटोच्या थराची, कॉपी करा, वरच्या कॉपीला गॉशियन ब्लर द्या, तिला पांढरा लेअर मास्क (थराचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) लावा आणि आईवरून काळा ब्रश फिरवा. काळं केलं तिथला ब्लर लपतो, खालची स्पष्ट आई दिसते. चुकलं तर पांढरा फिरवा, मूळ फोटोला धक्का नाही. केसांपाशी मऊ ब्रश, ओपॅसिटी (ब्रशचा गडदपणा) ३०-४० टक्के.

सराफा_रात्री: हेच केलं होतं, भाच्याच्या मुंजीला. वहिनींच्या लाल शालूचं वलय सगळीकडे पसरलं. चार रात्री फुकट गेल्या.

मल्हारी: ब्लर करताना शालूचाच रंग शेजारी ओघळतो, म्हणून वलय. आधी वरच्या कॉपीतून माणूस क्लोन टूलने (शेजारचा भाग त्यावर उमटवून) पुसायचा, मग ब्लर. ओबडधोबड पुसलं तरी चालतं, तिथे खालची आई दिसणारच आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली नको, मूळ फाइल घ्या. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात.

गल्ली_नं_३: जिंप वापरा, फुकट आहे.

छत्रीबाग: तिथलं पार्किंगच बंद करायला हवं. दर रविवारी तेच!

इंदूरी_लेक: मल्हारीदादा, पुसून मग ब्लर केलं, वलय गेलं. नथीचा मोतीसुद्धा नीट आला. पण आई म्हणाली, "राजवाडा कुठे गेला?" सून होऊन आली तेव्हा बाबांनी तिला इथेच उभं करून सातही मजले मोजायला लावले होते, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. मग राजवाड्यावरूनही काळा ब्रश फिरवला. आता फक्त स्कूटरी आणि पिंप ब्लर.

कॅमेरावाले_काका: चूक आहे. राजवाडा स्कूटरींच्या मागे, तो जास्त धूसर हवा. लेन्स असं कधीच दाखवत नाही.

इंदूरी_लेक: माहीत आहे काका. सकाळीच प्रिंटला दिला.