शुश्रूषा, सेवा, देखभाल आणि ‘आजीचे केले’

प्रश्न :

आईच्या प्रथम पुण्यस्मरणानिमित्त नातेवाइकांसाठी चार पानांची एक स्मरणपत्रिका छापावयाची आहे. अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळलेली आजी, म्हणजे आईच्या सासूबाई, आणि पुढे आमचे वडील, या दोघांचीही आजारपणे आईने एकटीने काढली. मसुद्यात भावाने ‘सुश्रूषा’ लिहिले आहे, मावशी ‘सेवा’ लिहा म्हणते आणि मला ‘देखभाल’ हा शब्द सोपा वाटतो. यांपैकी शुद्ध काय आणि योग्य काय, हे जाणकारांनी सांगावे.

पहिले उत्तर :

शुद्ध रूप ‘शुश्रूषा’ असे आहे : पहिला श शहामृगाचा, दुसरा ‘श्रू’ दीर्घ आणि शेवटचा ष षट्कोनातला. ‘सु’ म्हणजे चांगले, या समजुतीने ‘सुश्रूषा’ लिहिले जाते. पण या शब्दात ‘सु’ हा उपसर्गच नाही. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, या धातूचे हे इच्छार्थक रूप आहे. ‘ज्ञा’पासून जिज्ञासा आणि ‘पा’पासून पिपासा, तशी ‘श्रु’पासून शुश्रूषा, म्हणजे मूळ अर्थाने ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकण्याची इच्छा, त्यावरून आज्ञापालन, त्यावरून सेवा आणि शेवटी रुग्णसेवा, असा या अर्थाचा प्रवास झाला. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या माणसाच्या बाबतीत तर हा मूळ अर्थ अगदी शब्दशः लागू पडतो, कारण तोंडातून निघणाऱ्या अस्फुट आवाजावरून पाणी हवे आहे, कूस बदलावयाची आहे की खिडकी लावावयाची आहे, हे ओळखणारा कान घरात बहुधा एकाच व्यक्तीचा असतो.

‘देखभाल’ मात्र टाळावे. शब्द चुकीचा नाही, पण ‘देखभाल व दुरुस्ती’ या जोडीने तो इमारतींच्या, लिफ्टच्या आणि पाण्याच्या टाक्यांच्या इतका अंगवळणी पडला आहे की आजीबरोबर तो शोभत नाही. त्यापेक्षा ‘निगा’ बरा. फारसी ‘निगाह’ म्हणजे दृष्टी, त्यावरून तो मराठीत आला, आणि ‘निगा राखणे’ यात नजर ठेवण्याचा भाव अजून शिल्लक आहे. अंथरुणावरच्या रुग्णाला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, टाचा आणि माकडहाड लाल तर झाले नाही ना हे रोज पाहावे लागते, भरवताना पाठीशी उशा लावून बसते करावे लागते आणि घास गिळला गेला की गालातच राहिला, हे पाहिल्यावाचून दुसरा चमचा पुढे करता येत नाही. ही खरी निगा होय. ‘बडदास्त’ हा शब्दही पूर्वी याच घरातला. हिंदीत त्याचा अर्थ सोसणे असा राहिला आणि मराठीत तो पाहुण्यांच्या आणि जावयांच्या वाट्याला गेला, त्यामुळे तो येथे चालणार नाही.

दुसरे उत्तर :

व्युत्पत्ती मान्य आहे, परंतु ‘शुश्रूषा’ या शब्दाचा इतिहास एवढा निर्मळ नाही. मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात शूद्राचे एकमेव कर्म म्हणून इतर तीन वर्णांची शुश्रूषा सांगितली आहे, आणि तीही कुरकुर न करता. ऐकण्याचे काम कोणाचे आणि सांगण्याचे कोणाचे, हे तेथे आधीच ठरलेले होते; घरातल्या सुनेच्या बाबतीतही ते फारसे वेगळे नव्हते. याच शब्दाला पुढे दुसरा अर्थ देणारी माणसेही आपल्याकडे झाली. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी, त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ उघडलेल्या दवाखान्यात, ज्यांना हात लावायला कोणी धजत नव्हते अशा रुग्णांना आणून त्यांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. ती शुश्रूषा त्यांना कोणी नेमून दिलेली नव्हती.

म्हणून माझा आग्रह असा की नामापेक्षा क्रियापदाकडे पाहावे. मराठीत ‘एखाद्याचे करणे’ हा स्वतंत्र वाक्प्रचार आहे. ‘तिने सासूचे केले’, ‘म्हाताऱ्यांचे करायला घरात कोणी नाही’, ‘सगळ्यांचे करता करता तिचे आयुष्य गेले’, या वाक्यांत काय केले ते सांगितलेले नसते आणि तरीही ऐकणाऱ्याला सगळे कळते : न्हाऊमाखू घालणे, भरवणे, औषधाच्या वेळा पाळणे, रात्री उठणे, चादरी बदलणे. ‘सेवा’ म्हटले की समोरच्याचा मोठेपणा आधी येतो आणि ‘केले’ म्हटले की करणारीचे हात दिसतात. आपल्याकडच्या स्मरणपत्रिकांत ‘प्रेमळ, सोशिक, कष्टाळू’ ही तीन विशेषणे जणू छापखान्यातच जुळवून ठेवलेली असतात; त्यांतले ‘सोशिक’ तरी निदान गाळावे. जिने दोन माणसांची औषधे, पथ्ये, डॉक्टर आणि घरखर्च एकहाती सांभाळला, तिने नुसते सोसले असे लिहिणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

पहिल्या उत्तराला जोड :

‘करणे’विषयीचे म्हणणे पटले. तरीही औपचारिक पत्रिकेत नुसते ‘आजीचे केले’ काही वाचकांना अपुरे वाटेल, तेव्हा दोन्ही एकत्र आणता येतील : ‘आईने आजीचे अखेरपर्यंत सर्व काही केले आणि पुढे वडिलांचीही तितक्याच निगुतीने शुश्रूषा केली.’ एवढे मात्र पाहा की मुद्रितशोधनात कोणी तरी ‘शुश्रूषा’चे पुन्हा ‘सुश्रूषा’ करील. छपाईला सोडण्यापूर्वी तो एक शब्द स्वतः तपासावा.