पासारेलाची शिस्त आणि रेदोन्दोचे केस

पेठकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'दानिएल पासारेलासारखा शिस्तीचा कोच अर्जेंटिनाला पुन्हा मिळाला नाही.' डोकं सणकलं. खेळाडू म्हणून मुजराच. १९७८ चा विश्वविजेता कर्णधार, बेताच्या उंचीचा बचावपटू, तरी हेडरने गोल ठोकणारा. पण कोच? लांब केसवाल्याला संघात जागा नाही म्हणे! मधल्या फळीतल्या रेदोन्दोने केस कापायला नकार दिला. मे १९९८ मध्ये रेआल माद्रिदकडून युरोपचा चषक जिंकलेला माणूस जूनमध्ये वर्ल्डकपला संघाबाहेर! याला हेकटपणा म्हणतात.

रात्रपाळी: नियम म्हणजे नियम. आघाडीच्या बातिस्तुताने मुकाट्याने केस कमी केले आणि त्याच वर्ल्डकपात ५ गोलही मारले. अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट क्लबला ३ वेळा लीग कोच म्हणून कुणी जिंकून दिली? २००३ मध्ये मेक्सिकोच्या मोन्तेरेला कुणी?

निळीपट्टी: केसांवरून आठवलं. आठवीत सरांनी भर वर्गात माझ्या डोक्यावर कात्री चालवली, बरोबर मधोमध. संध्याकाळी न्हाव्याकडे चकोट. त्या वर्षी गणितात काठावर पास. काय सुधारलं, सांगा?

रात्रपाळी: माझेही कापले होते. आज बँकेत आहे. बिघडलं काही?

निळीपट्टी: टक्कल पडल्यावर सगळेच शिस्तप्रिय होतात.

रात्रपाळी: वैयक्तिक येऊ नका. फोटो काढून टाकतो माझा.

पेठकर: अहो, फुटबॉलवर या! ४ जुलै १९९८, मार्सेय, वर्ल्डकपची उपांत्यपूर्व फेरी, अर्जेंटिनासमोर नेदरलँड्स. डच नुमान लाल कार्डावर बाहेर, समोर दहाच जण. तरी आपल्या ओर्तेगाने गोलकीपरला डोकं मारलं, तोही बाहेर. नव्वदीच्या तोंडावर त्यांच्या बर्गकाम्पचा गोल, खेळ खल्लास. कोल्हापुरात आमच्या पेठेत ब्राझीलवाल्यांनी फटाके लावले, मी जेवलो नाही. आणि ओर्तेगाचे केस आखूडच होते बरं का!

कोपरा किक: इटलीतल्या पार्मा क्लबची कोचगिरी विसरलात? २००१, लीगचे ५ सामने, पाचही हरले, पासारेला घरी. २०११ मध्ये हाच क्लबचा अध्यक्ष असताना रिव्हर इतिहासात पहिल्यांदा दुसऱ्या श्रेणीत गेला.

रात्रपाळी: अध्यक्षपद म्हणजे कोचिंग नव्हे, आणि कर्ज आधीच्यांनी करून ठेवलेलं. पार्माचं मान्य. रेदोन्दो हवा होता, तेही मान्य. झालं समाधान? पण केस कापायलाच हवे होते त्याने.

निळीपट्टी: तुम्ही आमच्या सरांचे कोण लागता?