मनगटी पट्टा आणि आधी बुक केलेल्या राइड: ऑर्लँडोला खरंच उपयोग होतो का?

कर्वेरोड_कोपरा
एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा संपल्या की ऑर्लँडोला जायचं ठरतंय. चार दिवस डिस्ने, एक दिवस युनिव्हर्सल. सहा जण: आम्ही दोघं, मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची (उंची १०४ सेंमी) आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. राहणार डिस्नेच्याच हॉटेलात. प्रश्न तीन. मॅजिकबँड (डिस्नेचा मनगटी पट्टा) घ्यावाच लागतो का? लायटनिंग लेन (पैसे भरून, आधी वेळ बुक करून जायची वेगळी रांग) सहाही जणांची घ्यायची का? आणि सुट्टीतही सात दिवस आधीपासून घड्याळ लावून बसायचं असेल तर ती सुट्टी कसली? तिसऱ्याचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

अँटेना_आणि_टॅग
पट्टा घ्यावाच लागतो असं नाही. तो करतो ती बहुतेक कामं हॉटेलचं कार्ड किंवा फोनमधला पास करतो: गेट उघडणं, लायटनिंग लेनच्या खांबावर टेकवणं, खोलीचं कुलूप.

आत काय असतं ते सांगतो. २०१३ साली आलेल्या पहिल्या पट्ट्यात दोन गोष्टी होत्या. एक १३.५६ मेगाहर्ट्झचा टॅग, बिनबॅटरीचा, म्हणजे मेट्रो कार्डासारखा टेकवायचा. दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा छोटा ट्रान्समीटर. त्याला बटण सेल लागतो, आणि तो काही अंतरावरूनही वाचता येतो. राइडवर काढलेला फोटो आपोआप तुमच्या खात्यात पडतो तो याच्यामुळे. तो सेल बदलता येत नसे, त्यामुळे ओळखीच्या कुणी त्या काळातला जुना पट्टा देऊ केला तर गेट उघडेल, फोटो मात्र येईलच असं नाही.

२०२२ पासूनचा मॅजिकबँड प्लस चार्ज करावा लागतो, त्यात दिवे आणि थरथर आहे. बॅटरी संपली तरी टेकवण्याचं काम चालूच राहतं, कारण तो टॅग बॅटरीवर नाही. लोक रात्री चार्जिंगला लावायचं विसरले की घाबरतात, त्याची गरज नाही. अमेरिकेतला पुरवठा १२० व्होल्टचा, पिन चपट्या. आपले यूएसबी चार्जर बहुतेक १००–२४० व्होल्टचे असतात, फक्त पिनचा ॲडॅप्टर न्या.

पट्टा घेण्यासारखं एकच सबळ कारण: फोन खिशात राहतो. लहान मुलीच्या मनगटावर असला तर कार्ड हरवण्याची भीती जाते. आई-बाबांना कार्ड गळ्यात अडकवून द्या. सहा पट्टे घेण्यात अर्थ नाही.

रांगेचा_हिशेब
पट्ट्यावर लोक रुसतात, पण खरी गोम बुकिंगमध्ये आहे. समजा गाडीत २० जागा आणि दर ७५ सेकंदांनी एक गाडी सुटते. तासाला ४८ गाड्या, ९६० माणसं. बुकिंग कितीही करा, ९६० ची ९६१ होत नाहीत. जिथे दोन रांगा एकत्र येतात तिथला कर्मचारी चारपैकी तीन जागा बुकिंगवाल्यांना देत असेल तर ७२० तिकडे, २४० साध्या रांगेला. तुमच्या पुढे २४० माणसं दिसली की वाटतं पंधरा मिनिटं, लागतो तास.

हे बुकिंगवालेही नाहीतर रांगेतच उभे असते, हे मान्य. म्हणजे एकूण वाट पाहणं कमी झालं नाही, फक्त ते कुणी पाहायचं ते बदललं. तिरुपतीचं ३०० रुपयांचं विशेष दर्शन आणि सर्वदर्शन यांत वेगळं काय होतं?

आता मोडतं कुठे ते पाहा. कुणाचा सीटबेल्ट बसेना, कुणी पिशवी ठेवायला थांबलं, ७५ सेकंदांचे १०० झाले. तासाला ३६ गाड्या, ७२० जागा. वेळ दिलेले ७२० तर येणारच. साधी रांग जागच्या जागी थिजते. राइड तासभर बंद पडली तर त्या तासातले बुकिंगवाले नंतर परत येतात आणि पुढचे दोन-तीन तास साध्या रांगेचे हाल. सुरू झाल्या झाल्या बोर्डावर '३० मिनिटं' दिसलं तरी बाजूची बुकिंगची रांग किती लांब आहे ते बघून मगच शिरा.

आभासी रांगेची गंमत आणखी वेगळी. युनिव्हर्सलच्या व्होल्कॅनो बे वॉटरपार्कात २०१७ पासून तापूतापू नावाचा पट्टा आहे. घसरगुंडीपाशी टेकवा, नंबर आला की थरथरतो. कल्पना छान, पण रांगेत नसलेली माणसं हवेत विरत नाहीत. ती खाण्याच्या खिडकीपाशी आणि सावलीतल्या खुर्च्यांवर येतात.

पेठेतला_शंकेखोर
थोडक्यात, रांगेत उभं राहायचे पैसे तिकिटात आणि उभं न राहायचे वेगळे. फास्टॅग आल्यावर टोलनाक्यावरही सगळ्यांना हेच सांगितलं होतं. पुढच्या गाडीचा टॅग ब्लॅकलिस्ट निघाला की आपल्या टॅगमधल्या शिलकीचं काय करायचं?

चार_तीस_वाजता
मूळ प्रश्नाकडे येतो. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना बुकिंग चेक-इनच्या ७ दिवस आधी, बाहेरच्यांना ३ दिवस आधी, तिथल्या सकाळी ७ वाजता उघडतं. एप्रिलमध्ये म्हणजे आपल्याकडे दुपारी ४:३०. दिवाळीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, मग ५:३०. हॉटेलवाल्यांना पूर्ण मुक्कामाचं एकदम करता येतं, त्यामुळे एक संध्याकाळ दिली की पुरे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं.

त्याआधी करायची कामं:
- सगळ्यांची तिकिटं एकाच ॲप खात्यात, 'फॅमिली अँड फ्रेंड्स'मध्ये जोडलेली हवीत. ४:२९ ला हे करायला बसू नका.
- कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू करा. २०२० पासून नव्या कार्डांवर ते बंदच येतात. मर्यादाही वाढवा. पैसे भरताना हमखास अडकतं ते इथेच.
- कोणत्या दिवशी कोणतं पार्क ते आधी ठरवा.

लायटनिंग लेन सहाही जणांची घेऊ नका. पास माणशी असतो आणि भाव तारखेप्रमाणे नि पार्कप्रमाणे बदलतो. आई-बाबा ज्यात बसणार नाहीत त्या राइडसाठी त्यांचे पैसे कशाला? मुलीची उंची १०४ सेंमी, म्हणजे सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन (९७) चालेल, स्पेस माउंटन (११२) आणि ट्रॉन (१२२) नाही. बूट घालून मोजलं तरी ट्रॉन होणार नाही. अशा ठिकाणी 'रायडर स्विच' मागा: सगळ्यांनी मिळून दाराशी सांगायचं, एक मोठा माणूस मुलीपाशी थांबतो, बाकीचे परतले की तो लायटनिंग लेनने जातो. फुकट आहे.

लायटनिंग लेनच्या मल्टी पासमध्ये आधी तीन राइड निवडता येतात. सर्वांत मागणीच्या एक-दोन बाहेर, सिंगल पासमध्ये वेगळ्या विकतात. तीन निवडताना चूक होते ती अशी, की लोक दुपारच्या आरामशीर वेळा घेतात. पहिली वापरल्याशिवाय चौथी घेता येत नाही. म्हणून १० ते ११, ११ ते १२, १२ ते १ अशा लावा. पहिलीला टेकवलं की तिथेच उभं राहून पुढची शोधा. प्रत्येक वेळ तासाभराची असते, आणि पार्कच्या एका टोकाची राइड झाल्यावर लगेच दुसऱ्या टोकाची ठेवली तर पाच वर्षांच्या मुलीबरोबर ती चुकतेच.

युनिव्हर्सलला एक्सप्रेसमध्ये, म्हणजे त्यांच्या पैसे भरून जायच्या वेगळ्या रांगेत, वेळ ठरवायची भानगड नाही, कधीही जा. म्हणून महाग. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या त्यांच्या हॉटेलांत राहिलात तर जुन्या दोन पार्कांसाठी ती खोलीबरोबर येते. २०२५ ला उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या नव्या पार्काला नाही.

कर्वेरोड_कोपरा
एवढं पुरेसं आहे, आभार. दोन शंका राहिल्या. आईला अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहता येत नाही, तिच्यासाठी वेगळी सोय असते का? आणि गेटवर बोटाचा ठसा घेतात म्हणे, बाबांना ते पटत नाहीये.

अँटेना_आणि_टॅग
रांगेत थांबणं न जमणाऱ्यांसाठी डीएएस नावाची सोय होती, २०२४ मध्ये ती मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणींपुरती ठेवली. उभं राहता येत नाही या कारणासाठी चाकाची खुर्ची किंवा बॅटरीची गाडी भाड्याने घ्या असंच सांगतात. खुर्चीच बरी. गर्दीत बॅटरीची गाडी वळवायला सवय लागते, आणि संध्याकाळी आतषबाजी संपली की ती बाहेर काढणं हे लक्ष्मी रोडवर गणपतीच्या दिवसांत स्कूटर काढण्यासारखं आहे.

ठसा: बोटाच्या ठशावरून एक आकडा बनवतात आणि तो तिकिटाला जोडतात. नको असेल तर ओळखपत्र दाखवायचं. रोज दाखवावं लागेल, म्हणून बाबांचा पासपोर्ट हाताशी लागेल.

मनगटावर पट्ट्याबरोबर ॲपल वॉचही असेल तर अपघात ओळखण्याची सोय राइडपुरती बंद करा किंवा घड्याळ काढून ठेवा. २०२२ मध्ये अमेरिकेत रोलर कोस्टरच्या झटक्यांना अपघात समजून घड्याळांनी आणि आयफोनांनी आपणहून ९११ ला, म्हणजे तिथल्या आपत्कालीन नंबरला, फोन लावले होते. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच, १०,००० एमएएचची दोन. दिवसभर ॲप उघडं राहिलं की दुपारी तीनलाच फोन मान टाकतो, आणि सगळं बुकिंग त्या एकाच फोनवर असतं. तुमच्या सौंच्या फोनवरही त्याच खात्याने लॉगिन करून ठेवा.