प्रति: वाचता येतं, पण अर्थ लागत नाही

पाचवीची मुलं घडाघडा वाचतात, पण ‘का?’ विचारलं की गप्प होतात. यावर या चर्चेत कुणीतरी रोज एक उतारा सोडवून घ्यायचा उपाय सुचवलाय. मला तो पटत नाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ते वाक्य उतरवायचं, एवढ्यावर मुलं काहीही न समजता पैकीच्या पैकी मिळवतात.

त्यापेक्षा फळ्यावर एकच वाक्य लिहा: ‘आजीने पुन्हा दाराकडे पाहिलं आणि ताटावर झाकण ठेवलं.’ आजी कुणाची तरी वाट पाहतेय, हे कुठेच लिहिलेलं नाही, तरी मुलं सांगतात. मग ‘कशावरून?’ विचारा. ‘पुन्हा’वर कुणी बोट ठेवेपर्यंत थांबा, उत्तर आपण सांगू नका.

पॅलिंक्सार आणि ब्राउन या शिक्षण-संशोधकांनी १९८४ साली मांडलेली पद्धत जरूर करून बघा: अंदाज बांधणं, प्रश्न काढणं, अडलेलं सोडवणं, सारांश सांगणं, आणि हे सगळं मुलांनीच आळीपाळीने शिक्षक होऊन. सारांश सगळ्यात जड जातो, मुलं अख्खी गोष्टच परत सांगतात. तिथे घाई नको. आणि हे फक्त मराठीच्या तासाला नको, परिसर अभ्यासाच्या धड्यांवर तर याची जास्त गरज आहे.