हात नाही तरी दुखतो, रामचंद्रन कोण?

केळीवाला_रावेर: आप्पांचा डावा हात थ्रेशरमध्ये गेला, वर्ष झालं, तरी रात्री म्हणतात मूठ आवळलीय, नखं रुतताहेत, सोडवा. कोणी रामचंद्रनचं नाव सांगितलं, कोण भो हे?

भुसावळकर: व्ही. एस. रामचंद्रन, मेंदूवर संशोधन करणारे. चेन्नईत एमबीबीएस, केंब्रिजला पीएचडी, मग सॅन डिएगोत प्रोफेसर. १९९० च्या दशकात नुसता आरसा उभा केला, चांगला हात त्यात बघत उघडला की मेंदूला वाटतं गेलेलाच उघडतोय. मशीन-बिशीन काही नाही! पुढे लकव्याच्या पेशंटवरही लोकांनी तेच वापरलं.

धुळे_फिजिओ: सगळ्यांनाच फरक पडत नाही हां, अभ्यासांचे निकालही संमिश्र आहेत. फिजिओला विचारून करा.

केळीवाला_रावेर: काल बायकोच्या कपाटाचा आरसा काढला, ती चिडली ते वेगळंच. आप्पा बघतच राहिले, मग म्हणे, "मूठ सुटनी रे"