घरापासून मांगरापर्यंत वायफाय कसं न्यावं? अंतर ९० मीटर, मध्ये कलमं

वाडीतला:
मंडळी, राजापूर तालुक्यात आमचं गावचं घर आहे आणि खाली उतारावर वाडीत जुना मांगर (बागेतलं छोटं घर). तो आता नीट करून घेतला, चिऱ्याच्या भिंती तशाच ठेवल्यात, वर पत्रे, आत बाथरूम काढली. विचार असा की मुंबईहून गावी आलो की तिथे बसून ऑफिसचं काम करायचं, आणि मोसमात आंबा झाडावर असताना दोन कॅमेरे पण लावायचे. घरात फायबरचं कनेक्शन आहे १०० एमबीपीएसचं, स्पीडची काही तक्रार नाही, पण राऊटर ओटीवर आहे आणि खळं ओलांडून गडग्याशी (दगडी कुंपणाशी) गेलं की वायफाय गायब. टेपने मोजलं तर घराच्या मागच्या भिंतीपासून मांगर ९० मीटरच्या आसपास भरतो. मधे हापूसची कलमं, एक फणस, चार माड. मांगरात लाईट आहे, घरच्याच मीटरवरून नेलेली.

दुकानदार म्हणतो रिपीटर घ्या. वायरमन म्हणतो विजेच्या पाईपातूनच लॅनची केबल ओढून देतो. बाबा म्हणतात मोबाईलवर भागव, पण मांगरात एका खिडकीत हात बाहेर काढला तरच रेंज येते. काय करू? पावसात टिकलं पाहिजे हे महत्त्वाचं.

सदाशिवपेठी:
रिपीटर घ्या हो, सरळ सोपं काम. आमच्याकडे हॉलमधून बेडरूमपर्यंत लावलाय, मस्त चालतो.

केबलकाका:
दादा, तुमचा हॉल ते बेडरूम म्हणजे आठ-दहा मीटर. इथे ९० मीटर आहे आणि दोन्ही टोकांना चिऱ्याच्या भिंती. रिपीटर स्वतःला जेवढं मिळतं तेवढंच पुढे देतो. मांगरात लावला तर त्यालाच काही मिळणार नाही, आणि मधे लावायचा तर प्लग काय फणसाला लावणार? वर एकाच बँडवरचा स्वस्तातला रिपीटर घेतला की स्पीड निम्मा होतो, कारण ऐकायचं आणि बोलायचं दोन्ही एकाच रेडिओवर.

वायरमनचं तर अजिबात ऐकू नका. लॅनची मर्यादा १०० मीटर आहे, तुमचं भिंत ते भिंत ९०, त्यात ओटीवरून मागच्या भिंतीपर्यंतचे वळसे आणि मांगरातले धरले की संपलं. २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच पाईपात डेटाची केबल टाकायची नाही, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. आणि बाजारात स्वस्त मिळते ती बऱ्याचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, लांब अंतरावर ती दगा देते.

चुंबकसूची:
पॉइंट टू पॉइंट लिंक करा, म्हणजे दोन ठिकाणं वायरीशिवाय थेट एकमेकांशी जोडायची, प्रश्न मिटला. बाहेर लावायचे दोन सीपीई (एका दिशेने सिग्नल फेकणारे अँटेनावाले डबे) घ्यायचे, टीपी-लिंकचा सीपीई५१० किंवा तसलाच दुसरा कुठला, एक घराच्या मागच्या भिंतीवर एक मांगरावर, दोघांची तोंडं समोरासमोर. हे ५ गिगाहर्ट्झवर चालतात, २०१८ पासून आपल्याकडे या बँडचा बराच मोठा भाग घराबाहेर वापरायलाही विनापरवाना मोकळा आहे. ९० मीटर म्हणजे यांच्यासाठी काहीच नाही, किलोमीटरभर जातात. वीज पीओईने, म्हणजे सीपीईला जोडलेल्या लॅनच्या केबलमधूनच जाते, म्हणजे वर प्लग काढायची गरज नाही. मांगरातल्या सीपीईची वायर आत आणून तिथे जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून (नुसतं वायफाय द्यायला) लावा, वायर लॅनच्या पोर्टात, डीएचसीपी (आयपी पत्ते वाटायची सोय) बंद, आयपी बदललेला, वायफायचं नाव आणि पासवर्ड घरचाच. झालं.

अर्ध्या दिवसाचं काम आहे, खणायला नको काही नको.

केबलकाका:
सगळं बरोबर पण कलमं विसरलात. ५ गिगाहर्ट्झला पान आडवं आलेलं चालत नाही आणि ओलं पान तर नाहीच नाही. मेमध्ये लिंक लावाल, छान चालेल, जुलैत संततधार लागली की सिग्नल ढेपाळला समजा. आणि नुसती समोर नजर पोचली म्हणून भागत नाही, ९० मीटरवर मध्यभागी त्या सरळ रेषेच्या चहूबाजूंनी साधारण मीटरभर जागा मोकळी लागते. आंब्याला पालवी फुटली की फांद्या त्या जागेत येणारच, दरवर्षी कोयता घेऊन चढणार का?

वाडीतला:
केबलकाका बरोबर आहे तुमचं, मागच्या दारातून मांगराचा फक्त पत्रा दिसतो, तो पण आत्ता, कारण एका कलमाची छाटणी झालीय. गच्चीच नाही घराला, कौलारू आहे. खांब उभा करायचा म्हणजे वीज पडायची भीती, मागे शेजाऱ्यांच्या माडावर पडली तेव्हा आमचा टीव्ही आणि राऊटर दोन्ही गेले होते.

केबलकाका:
मग तर तांब्याची तार दोन इमारतींमध्ये टाकायचीच नाही. वीज अंगावर पडायला लागत नाही, शेजारच्या माडावर पडली तरी लांब वायरीत झटका शिरतो आणि दोन्ही टोकांची पोर्टं जळतात. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात हे ठरलेलंच.

तुम्ही फायबर टाका. घरात आली आहे तसलीच ड्रॉप केबल, सिंगल मोड प्रकारची, आत एफआरपीची (फायबरग्लासची) काडी असलेली घ्या, स्टीलच्या तारेवाली नको. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धातूच नाही, वीज कशी जाणार? दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टरची (फायबरचा प्रकाश आणि लॅनचा सिग्नल एकमेकांत बदलणाऱ्या डब्यांची) जोडी, एक ए प्रकारचा एक बी, एकाच कोरमधून (फायबरच्या तंतूतून) ये-जा होते. घरच्या कन्व्हर्टरमधून छोटी लॅन राऊटरला, मांगरातल्या कन्व्हर्टरमधून राऊटरला किंवा ॲक्सेस पॉइंटला. जोडणी तुमच्या गावचा केबलवाला करून देईल, त्याच्याकडे स्प्लायसिंगचं (फायबर सांधायचं) मशीन असतं.

फक्त कनेक्टरकडे लक्ष ठेवा. घरोघरी इंटरनेटला हिरवी टोपी असते, मीडिया कन्व्हर्टरला बहुतेक निळी. केबलवाला खिशातली हिरवी पिगटेल (कनेक्टर लावलेला फायबरचा तुकडा) लावून मोकळा होतो, हिरवं निळ्यात बसतं पण, आणि मग लिंक लागते तुटते लागते तुटते, तुम्ही शिव्या कन्व्हर्टरला देणार. दोन्हीकडे निळीच लावून घ्या आणि तो असतानाच पॉवर मीटरवर (फायबरमधला प्रकाश मोजायच्या यंत्रावर) रीडिंग दाखवायला सांगा.

वाडीतला:
हे पटतंय. पण केबल वरून नेऊ की पुरू? खाली कातळ आहे, खणायचं म्हणजे पहारीने.

सड्यावरची:
वरून नेऊ नका! आमच्याकडे माडावरून नेली होती, वानरांनी झोपाळा केला. आणि झावळ पडली की केबल तुटते ती वेगळीच. आम्ही मग पाण्याची काळी पाऊण इंची पाईप घेतली, त्यात फायबर घातली आणि गडग्याच्या कडेकडेने पायथ्याशी टाकली, वर चिऱ्याचे तुकडे आणि माती. जिथे माती होती तिथे दीड-दोन फूट पुरली. साळिंदर उकरतं म्हणून नुसती केबल कधी मातीत टाकू नये. पाईपात एक नायलॉनची दोरी पण सोडून ठेवा भाऊ, पुढे दुसरी केबल ओढायची झाली तर उपयोगी पडते. पाईपची दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर मुंग्या आणि पाणी.

चुंबकसूची:
ठीक आहे, झाडं इतकी आडवी असतील तर फायबरच. मोकळं असतं तर मी अजून लिंकच म्हटलं असतं. पॉवरलाईन अडॅप्टर (लाईटच्या वायरिंगमधूनच इंटरनेट नेणारा) नाही सुचवला कोणी? लाईट घरच्याच मीटरवरून आहे म्हणतात.

केबलकाका:
चालेल कदाचित, पण थ्री फेज असेल तर मांगर आणि ओटी एकाच फेजवर हवी, आणि लांब जुन्या वायरिंगवर स्पीड किती मिळेल हे लावल्याशिवाय कळत नाही. परत करायची सोय असेल तर बघा करून. दोन कॅमेरे म्हणजे प्रत्येकी दोन ते चार एमबीपीएस, तेवढं निघेलही. पण व्हिडिओ मीटिंगमध्ये पंप सुरू झाला की काय होईल ते सांगत नाही.

वाडीतला:
नको, फायबरच. गणपतीत येतोय तेव्हा पाईप टाकून घेतो. लाईट गेली की मात्र दोन्हीकडचं बंद होणार ना?

सड्यावरची:
होणारच. घरी इन्व्हर्टर असेल तर तिकडचं भागेल, मांगरात राऊटरसाठीचा मिनी यूपीएस ठेवा. पण बघून घ्या हां, राऊटर १२ व्होल्टचा असतो आणि हे मीडिया कन्व्हर्टर बरेच ५ व्होल्टचे, पिन सारखीच दिसते. दोन्ही व्होल्टेज देणारा यूपीएस मिळतो, तोच घ्या, आणि अडॅप्टरवर खडूने लिहून ठेवा कुठला कशाचा, घरातलं कोणीतरी साफसफाईत उलटसुलट लावतंच.